वीणा गळ्यात असताना

शोभनाताई वाकोडे माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या काही छापून घ्यायला नाही, वाचायला. कामशेतला स्टेशनवरून बाजारात येताना डाव्या हाताला माझं फ्लेक्सचं दुकान होतं. छापून झालेले बोर्ड मी बाहेर भिंतीला टेकवून ठेवायचो. एक बाई त्यांच्यापुढं उभ्या राहून मोठ्यानं वाचतायत म्हणून मी बाहेर आलो. कुणा भावी सरपंचाचा वाढदिवस होता. युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी, दानशूर, दिलदार, अशी सगळी विशेषणं त्याच्या गॉगलवाल्या फोटोभोवती दाटीनं बसवलेली. बाईंनी शेवटच्या शुभेच्छुकापर्यंत सगळं वाचलं आणि विचारलं, हे गृहस्थ करतात काय? मी म्हटलं, तसं काही नाही. "तरीच," त्या म्हणाल्या आणि आत येऊन खुर्चीवर बसल्या.

तो भावी सरपंच माझा सख्खा चुलतभाऊ बाळासाहेब, हे मी सांगितलं नाही. गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी कशाला घालवा. पुढं त्यांना ते कळलंच, आणि बाळासाहेबालाही त्यांची चांगलीच ओळख झाली.

ताई मूळच्या नागपूरच्या. मुंबईत, पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती केलेल्या. चिक्कीच्या कुठल्याशा कामासाठी लोणावळ्याला आल्या आणि परत गेल्याच नाहीत. बाजारात एका चिक्कीच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्यांनी ऑफिस थाटलं. खाली दिवसभर गूळ उकळायचा. त्यांच्याकडून आलेल्या कागदालाही तो वास यायचा. वय पन्नाशीच्या आसपास, केस कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक मोबाइल, तो सदा वाजणारा. बोलणं एरवी शुद्ध पुणेरी, पण राग आला की नागपूर बाहेर पडायचं. "काय लिहून राहिले तुम्ही हे, दत्ताभाऊ?" असं ऐकू आलं की माझ्या दुकानातल्या मुली संगणक सोडून पाणी प्यायला उठायच्या.

तुम्हाला कल्पना सुचतात कुठून, असं कॉलेजची पोरं त्यांना विचारायची. मोठी पुस्तकं, परदेशी जाहिराती असं काही उत्तर येईल या आशेनं वह्या काढून बसायची. ताई त्यांना उठवून एसटी स्टँडवर न्यायच्या आणि बाकड्यावर बसवायच्या. माणूस कौतुक करताना खोटं बोलतो, कुरकुर करताना खरं बोलतो, तेव्हा कुरकुर ऐका, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या खालच्या दुकानातली म्हातारी मालकीण एका पर्यटकाला वैतागून म्हणाली होती, की दात बरे असतील तरच घ्या हो. ताईंनी तेवढंच वाक्य उचललं आणि पाटीवर लिहिलं. म्हातारीचा मुलगा आठवडाभर बोलत नव्हता. नंतर दुकानापुढं गाड्या थांबायला लागल्या तेव्हा बोलायला लागला.

आणखी एक त्यांचा नेम होता. ज्या माणसाबद्दल ओळ लिहिली, ती त्याच्या तोंडावर म्हणून दाखवल्याशिवाय छापायला द्यायची नाही. आंदर मावळातल्या बायकांच्या गटाचा इंद्रायणी तांदूळ पिशव्यांत भरून विकायचा होता. पिशवीवर ताईंनी 'प्रेमानं पिकवलेला' असं लिहिलं आणि स्कूटरवर बसून थेट ठाकरवाडीत हौसाबाईकडं गेल्या. हौसाबाई त्या गटातली, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी राहणारी. ती ओळ ऐकून तिनं तोंडाला पदर लावला. "पिरेम कुटलं, बाई. चिखलात कंबर मोडती, शिव्या घालत लावतो आमी." ताई परत आल्या आणि मला म्हणाल्या, प्रेम खोडा, कंबर घाला. 'चिखलात कंबर मोडून लावलेला तांदूळ' अशा पिशव्या मी छापल्या. पुण्याच्या लोकांना तो तांदूळ फार आवडला.

लोणावळ्यात त्यांचं मन लागेना, कारण तिथं शनिवार-रविवार सगळं पर्यटकांचंच. मग आमच्या गावात आबांच्या घराची मागची बाजू त्यांनी भाड्यानं घेतली. आबा म्हणजे आमच्या गावकीतले सगळ्यांत मोठे, सप्त्याचे कर्ते. रस्ता कच्चा, एसटी आली तर आली. ताई रोज स्कूटरवर लोणावळ्याला जायच्या आणि अंधार पडायच्या आत परत यायच्या. सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन एकट्या डोंगर हिंडायच्या. मी त्या गावात जन्मलो, पण लहानपणीच दमा लागल्यामुळं मला डोंगर लांबूनच माहीत. ताईंना त्यातली प्रत्येक वाट, प्रत्येक ओढा पाठ होता. तरी गाव त्यांना भेटलं की विचारायचं, पुन्याला कवा जानार? इतक्या वर्षांनी हा प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा उतरायचा. मला वाईट वाटायचं, पण गावाचं तोंड कोण धरणार.

आमच्याकडं चैत्रात सप्ता असतो. सात दिवस देवळात वीणा उभी राहते. उभी म्हणजे कुणीतरी ती गळ्यात घालून, हातात चिपळ्या घेऊन, नाम घेत उभं असतं. त्याला पहारा म्हणतात. रात्रंदिवस पाळ्या बदलतात. एकाच्या गळ्यातून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तेव्हा दोघं एकमेकांच्या पाया पडतात. सात दिवस वीणा जमिनीला टेकायची नाही आणि नाम खंडायचं नाही. पहाऱ्यावर असलेल्यानं नामाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. दुपारच्या पाळ्या बायकांच्या. ताईंना दरवर्षी सप्त्याला मानानं खुर्ची मिळायची. त्यांना खुर्ची नको होती, पाळी हवी होती. एका वर्षी त्यांनी आबांकडं तोंड उघडून मागितली.

गावकी बसली. बाळासाहेब म्हणाला, बाईचा फोन कीर्तनात वाजतो. पहाऱ्यावर वाजला तर वीणा ठेवून धावत जातील, आन गावाच्या सप्त्याला बट्टा लागंल. ताई बाहेर पायरीवर बसल्या होत्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं. मला बाळासाहेबाचा राग आला. पण फोनचं खरं होतं, म्हणून मी गप्प बसलो. शेवटी आबा म्हणाले, "दुपारची एक पाळी देऊ. वीना टेकली तर गावाला जाब मी दीन." इतकं बोलून ते उठले. म्हणजे बाईंनी वीणा टेकवली असती, तर त्यांचं गावातलं राहणं संपलं असतं आणि आबांचीही मान खाली गेली असती. हे दोघांनाही माहीत होतं.

आता एका जाहिरातीचं सांगायला हवं. आमच्या वरच्या पठारावर पुण्याच्या एका माणसानं तंबू टाकून कॅम्प सुरू केला होता. जाहिरात ताईंनी केली. श्रावणात त्या स्वतः पठारावर जाऊन आल्या, तेव्हा गवत कमरेइतकं, खाली पाणी झिरपतंय, आगपेटी पेटणार नाही असा ओलावा. ओळ त्यांनी लिहिली, 'या, डोंगरावर चूल मांडा.' नेमाप्रमाणं ती हौसाबाईला म्हणून दाखवायची होती, कारण पठाराखाली तिचंच घर. पण हौसाबाई तेव्हा पवन मावळात खुरपणीला गेली होती. कॅम्पवाला घाई करत होता. ती आली की दाखवू, असं म्हणून ताईंनी फाइल मला पाठवली आणि मी छापली. दाखवायचं पुढं राहूनच गेलं. मावळात जन्मूनही मला त्यात काही खटकलं नाही. तो बोर्ड कामशेतच्या फाट्यावर लागला आणि पाऊस सरला तरी तिथंच राहिला. चैत्रात पठारावरचं गवत कडकडीत वाळतं, ढोरांसाठी कापून रचलेल्या गंज्या वाडीला लागून उभ्या असतात. माणसं मात्र बोर्ड वाचून येतच होती.

सप्त्याच्या मधल्या दिवशी ताईंची पाळी होती. मी कीर्तनाचा बोर्ड घेऊन गेलो होतो, तो बांधून देवळातच टेकलो. ताई न्हाऊन, पांढरी साडी नेसून आल्या होत्या. साडीत मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. मोबाइल त्यांनी बंद करायचा म्हणून पिशवीतून काढला आणि माझ्याकडं दिला. काय मनात आलं कुणास ठाऊक, बंद न करताच दिला. आधीच्या बाईनं वीणा त्यांच्या गळ्यात घातली, दोघी एकमेकींच्या पाया पडल्या. ताई नाम घ्यायला लागल्या. सुराशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण आवाज खणखणीत.

थोड्या वेळानं बाहेर आरडाओरड झाली. पठाराच्या उतारावर वणवा लागला होता आणि वारं वाडीच्या दिशेनं होतं. टाळकरी टाळ ठेवून पळाले. बायका भाकऱ्या टाकून पळाल्या. पुढच्या पाळीची बाईसुद्धा गेली, कारण तिचीही गंजी वर होती. हिरव्या डहाळ्या तोडून सगळं गाव आग झोडपायला डोंगराला लागलं. देवळात वीणा घेतलेल्या ताई आणि माझ्यासारखा दमेकरी, एवढेच उरलो.

मोबाइल वाजला तेव्हा मी दचकलो. कॅम्पचा मॅनेजर होता. घाबरून त्याचं बोलणं अर्धवट निघत होतं, म्हणून मी स्पीकर लावला. दहा-बारा पाहुणे वर अडकले होते. गाडीरस्त्यावर आग आली होती, धुरात हाताचं बोट दिसत नव्हतं, खाली कुठून उतरायचं ते कळत नव्हतं. आग कशी लागली विचारलं, तर म्हणाला, सकाळी पाहुण्यांनी चूल पेटवली होती, विझवली असं वाटलं.

मी ताईंकडं बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. एक क्षण त्यांचा आवाज फाटला, पण थांबला नाही. चिपळ्यांच्या हातानं त्यांनी मला देवळामागं खूण केली. तिथून मोठ्या दगडांचा कोरडा ओढा वर पठारापर्यंत जातो. त्यात गवत नाही, म्हणजे आगीला खायला काही नाही. मी फोनवर म्हणालो, ओढ्यानं उतरा. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, कुठला ओढा, दिसत नाही काही.

ताई चालायला लागल्या. नाम घेत घेत त्यांनी देवळाचा उंबरा ओलांडला. मी म्हणालो, ताई, वीणा देवळाबाहेर? त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि चालत राहिल्या. पाय अनवाणी, दगड तव्यासारखे तापलेले. वीणा छातीशी घट्ट धरलेली, ती कुठं आपटू नये म्हणून त्या दगडांवर कोपर आणि गुडघे टेकत चढत होत्या. मी छातीवर हात दाबून मागं. खोकल्यानं माझा जीव चालला होता, तरी परत फिरायची लाज वाटली. ओढा जिथं दोन अंगांना फुटतो तिथं त्या उभ्या राहिल्या. एक फाटा सरळ कड्याकडं जातो, धुरात चुकून तिकडं वळलेला माणूस खाली पडणार. तिथं उभ्या राहून त्यांनी सगळा जीव गोळा करून नाम घ्यायला सुरुवात केली. रामकृष्णहरी, आणि वीणेची तार, आणि पुन्हा रामकृष्णहरी. मी फोनवर ओरडलो, आवाजाकडं या, फक्त आवाजाकडं या.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. वरून काही हालचाल नव्हती. ताईंचा घसा बसला, आवाजाच्या जागी नुसती घरघर उरली, तेव्हा त्या तार जास्त जोरानं छेडायला लागल्या. मला वाटलं, आता आपण इथं दोघं नुसतेच उभे आहोत आणि वर सगळं संपलंय. मग धुरातून एक बाई दगडाला धरून उतरताना दिसली. तिच्यामागं एक म्हातारा. मग एकेक करत सगळे. शेवटच्या मुलीच्या हातात मोबाइल होता, उतरताना ती चित्रण करत होती. आजकालच्या माणसांचं मला नवल वाटत नाही, पण तेव्हा वाटलं.

वाडी वाचली. घरं सगळी राहिली, पण वरच्या बाजूच्या गंज्या गेल्या. हौसाबाईची पहिली.

आम्ही देवळात परतलो तेव्हा उन्हं कलली होती. गाव परत येऊन अंगणात बसलं होतं, सगळ्यांची तोंडं काळी. देवळात वीणा नाही बघून तोवर हलकल्लोळ झालेला होता. ताई नाम घेत तशाच आत गेल्या आणि आपल्या जागी उभ्या राहिल्या. तळपायांना फोड, कोपर फुटलेले. कुणी पुढं होईना. आबा म्हणाले, "दत्ता, वीना टेकली का?" मी म्हणालो, नाही. "नाम?" मी म्हणालो, नाही आबा, क्षणभरसुद्धा नाही. आबा बाळासाहेबाकडं बघत राहिले.  बाळासाहेब उठला, नळावर हातपाय धुतले, आत आला आणि ताईंच्या फोड आलेल्या पायांवर डोकं ठेवलं. ताईही वाकल्या. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. त्यानंतरच ताई खाली बसल्या. माझा चुलतभाऊ आहे, त्याला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण त्या दिवशी तो मला आवडला.

मग दोन गोष्टी झाल्या. त्या मुलीनं मोबाइलवर घेतलेलं चित्रण सगळीकडं गेलं. धुरात वीणा घेऊन उभी असलेली बाई घराघरांत दिसायला लागली. आणि आग सीतारामच्या राबानं लागली, असं गावानं ठरवलं. सीताराम आमचा पखवाजी. त्यानं त्याच सकाळी राब भाजला होता, म्हणजे भाताच्या रोपासाठी शेतात पालापाचोळा पसरून जाळला होता, आणि घाईत सप्त्याला आला होता. त्याचं शेत त्या उताराला लागूनच. दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या राबानं डोंगर पेटतोच, त्यामुळं दुसरा विचार कुणी केला नाही. सीतारामनंही नाही. विचारलं तर खाली बघून म्हणाला, "इजवला व्हता. इजवला व्हता वाटतं." गावकीनं सांगितलं, शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला तू पखवाजाला हात लावायचा नाहीस. त्याचे वडील, त्याचे आजोबा, सगळे काल्याला वाजवत आलेले. तो देवळाबाहेर चपलांजवळ जाऊन बसायला लागला.

चूल कॅम्पची होती हे गावात दोघांनाच माहीत होतं. मी ते बोललो नाही. ती ओळ ताईंची होती आणि सांगायचं असेल तर त्यांनीच, असं मला वाटलं. त्या सांगतील की नाही, हे मात्र कळत नव्हतं. पाय बांधून त्या आबांच्या मागच्या खोलीत पडून होत्या आणि गावातल्या बायका रांगेनं त्यांना भेटायला जात होत्या. पुन्याला कवा जानार, असं आता कुणी विचारत नव्हतं. कॅम्पवाल्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. त्या चित्रणामुळं त्याच्याकडं माणसांची रीघ लागली होती. त्याला तेच चित्रण वापरून नवी जाहिरात हवी होती, आणि राबाचं जे चाललंय ते तसंच चालू द्या, असंही तो हळूच म्हणाला. ताईंनी काही उत्तर न देता फोन ठेवला. मला धसका बसला, कारण नाही म्हणायचं असतं तेव्हा त्या तिथल्या तिथं म्हणायच्या.

काल्याच्या आदल्या दिवशी बाळासाहेबानं माझ्याकडं बोर्डाची ऑर्डर दिली. ताई लंगडत दुकानात आल्या तेव्हा तो माझ्या पडद्यावर होता. 'मावळची रणरागिणी, वीणाधारी, अग्निविजेत्या शोभनाताई यांचा भव्य सत्कार.' त्यांनी तो सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतला आणि मध्येच थांबल्या. मग मला विचारलं, "दत्ताभाऊ, हे सीतारामभाऊंच्या तोंडावर म्हणून दाखवाल का तुम्ही?" मी मान हलवली, नाही. "मी तरी कशी दाखवू न जी," त्या म्हणाल्या. राग नव्हता, पण नागपूर निघालंच. बोर्ड छापू नका असं काही त्यांनी सांगितलं नाही.  त्यांच्या हातातला चहा तसाच निवला. मला कळत होतं त्यांना काय गमवायचं आहे. नागपूर सुटलं, मुंबई सुटली, आणि जिथं राहायचं होतं ते गाव आत्ता कुठं पदरात पडलं होतं. खरं सांगू, त्या गप्प राहिल्या असत्या तरी मी त्यांना दोष दिला नसता.

काल्याच्या दिवशी देऊळ भरून माणसं बाहेर मांडवात बसली होती. पखवाजावर शेजारच्या गावचा कुणी आणला होता. बाळासाहेबानं माइकवर ताईंचं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ तबकात तयार. टाळ्या पडल्या. ताई उभ्या राहिल्या आणि शाल खांद्यावर यायच्या आत त्यांनी माइक मागून घेतला.

"आग सीतारामभाऊंच्या राबानं लागली नाही," त्या म्हणाल्या. घसा अजून बसलेला, त्यामुळं लोक पुढं सरकून ऐकायला लागले. "वर कॅम्पवर लोकांनी चूल पेटवली होती. चूल मांडा म्हणून बोर्डावर मी लिहिलं होतं. ते मला त्याच दिवशी, वीणा गळ्यात असतानाच कळलं. सांगायला मी चार दिवस लावले." एवढंच बोलून त्यांनी माइक खाली केला.

 बाळासाहेब तबक हातात धरून तसाच उभा. मग बायकांमधून हौसाबाई उठली. "खरं बोललीस, बरं झालं," ती म्हणाली. "पर माझी गंजी गेली ती गेलीच. पाऊस पडंस्तवर म्हशीम्होरं काय टाकू, ते सांग." ताई म्हणाल्या, "माहीत नाही, हौसाबाई." हौसाबाई खाली बसली. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. पण मला ते ऐकवेना.

आबा जागेवरूनच म्हणाले, "सीतारामा, वर ये." सीताराम चपलांमधून उठला. शेजारगावच्या पखवाज्यानं सरकून जागा दिली. सीतारामनं धोतराला हात पुसले, पखवाज मांडीवर घेतला, आणि पहिली थाप पडली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ताईंकडं मात्र कुणी बघत नव्हतं. शाल तबकातच राहिली, तबक कुणीतरी उचलून आत नेलं. कीर्तन झालं, हंडी फुटली, काला वाटला.

त्या धुरानं माझा दमा बळावला. पंधरवड्यातच लेकीनं मला पुण्याला आणलं आणि दुकान दुसऱ्यानं चालवायला घेतलं. कॅम्प उठला, फाट्यावरचा बोर्ड निघाला असं कळतं. ताईंच्या हातून कॅम्पवाल्याचं मोठं काम गेलं आणि त्यापाठोपाठ आणखी दोन-तीन गेली, हेही कळतं. फोनवर त्या मला दम्याचंच विचारतात, स्वतःचं सांगत नाहीत. त्यांना समोरासमोर मी शेवटचं पाहिलं ते त्या काल्याच्या दिवशी, जेवणाच्या पंगतीत.

मांडवात बायकांच्या पंगती बसत होत्या. ताई एका रांगेच्या टोकाला जाऊन बसल्या. बायका येत होत्या, त्यांना बघून जराशा घुटमळत होत्या आणि पलीकडच्या रांगेत जात होत्या. कुणी वाईट बोललं नाही, फक्त त्यांच्या शेजारची जागा भरेना. वाढपी भात घेऊन आला, त्यांच्या पत्रावळीवर वाढला आणि मोकळ्या जागा सोडून पुढं गेला. ताई भाताला हात न लावता बसून होत्या. मी पुरुषांकडच्या खांबाला टेकून हे बघत होतो. उठून तिकडं जावं असं फार वाटत होतं, पण बायकांच्या पंगतीत मी जाऊन काय करणार होतो.

हौसाबाई हात धुऊन आली. दोन्ही रांगा तिनं बघितल्या. मग ताईंजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सरक जरा."

ताई सरकल्या. हौसाबाईनं बसून पत्रावळ पुढं ओढली, पाणी शिंपडलं, वाढप्याला हाक मारून परत बोलावलं. ताईंकडं तिनं एकदाही बघितलं नाही. भातात आमटीसाठी आळं करत म्हणाली, "उद्या खालच्या गावाला पेंढा मागाया जायाचंय. टेंपो न्हाई, डोक्यावर आनाया लागंल. उजडायच्या आत निघ."

ताईंनी मान हलवली आणि जेवायला सुरुवात केली.